दुर्बीण आत कशी जाते?

गेल्या वर्षी गणपतीला घरी गेलो तेव्हा आरती झाल्यावर आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "ह्यांच्या लघवीतून रक्त जातंय."

"कधीपासून?"

"होळीच्या आसपास पहिल्यांदा दिसलं. मग थांबलं. आता परत."

म्हणजे पाच-सहा महिने. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. इंजिनातून तेलाचा एक थेंब चुकीच्या जागी दिसला तर गाडी रस्त्यावर सोडायची नाही, हे त्यांनी तीस वर्षं पाळलं. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं होतं, "दुखत तर नाही. मग काय करायचंय डॉक्टरकडं जाऊन?" न दुखता लघवीतून रक्त जाणं हे दुखण्यापेक्षा जास्त काळजीचं असू शकतं, हे मला त्या रात्री मोबाईलवर वाचून कळलं. सकाळी मी विषय काढला तेव्हा खरं कारण बाहेर आलं. बाबा म्हणाले, "ते दुर्बीण घालतात. मला ती घालून घ्यायची नाही."

आजोबांना मूत्रमार्ग आकसण्याचा त्रास होता. १९७०च्या दशकात दर दोन-तीन महिन्यांनी ते मिरजेला एका दवाखान्यात जात आणि सोबत दहा-अकरा वर्षांचे बाबा असत. पडद्यापलीकडे एका ट्रेमध्ये धातूच्या वाकड्या सळया, बारीक ते जाड अशा ओळीने मांडलेल्या असायच्या. आजोबा गुऱ्हाळावर रात्र-रात्र काम करणारे, हूं की चूं न करणारे. ते पटक्याचं टोक दातात धरून झोपत आणि तरीही त्यांचा आवाज पडद्याबाहेर येई. बाबांच्या डोक्यात 'दुर्बीण' म्हणजे त्या ओळीतली सगळ्यात जाड सळई होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. वैद्यकातलं मला काही कळत नाही; पण बाबांना "आता तसं नसतं" असं नुसतं म्हणून भागणार नव्हतं. त्यांना 'काय बदललं आणि कसं' हे सांगावं लागतं, नाहीतर ते विश्वास ठेवत नाहीत. म्हणून मी वाचायला लागलो. आत काय दिसतं याचा इतिहास पुष्कळांनी लिहिलाय. मला हवा होता तो त्याआधीच्या एका फुटाचा: दुर्बीण आत जाते कशी, आणि ती सुखाने जावी म्हणून कोणी काय केलं?

वाट

आधी अडचण नीट समजून घेऊ. बाईचा मूत्रमार्ग साधारण चार सेंटीमीटर आणि जवळजवळ सरळ असतो. पुरुषाचा साधारण वीस सेंटीमीटर आणि त्यात इंग्रजी 'एस'सारखी दोन वळणं. शिश्न वर धरून ताणलं की पुढचं वळण सरळ होतं. मागचं, ओटीपोटाच्या हाडाखालून वर चढणारं वळण मात्र जागचं हलत नाही. त्याच वळणापाशी, आपल्या इच्छेने आवळता येणारा एक स्नायूचा दरवाजा आहे. घाबरलेला माणूस तो आपोआप घट्ट आवळतो. त्यापुढे प्रोस्टेट, जी वय वाढलं की फुगते आणि वाट अरुंद करते. मग मूत्राशयाचं तोंड.

म्हणजे अडथळे चार. वळण, जाडी, घर्षण आणि भीती. मला जे काही वाचायला मिळालं ते सगळं या चारांपैकी कशावर तरी उपाय शोधणाऱ्या माणसांचं होतं.

तूप, कांसं आणि चांदी

सुश्रुतसंहितेत 'निरुद्धप्रकश' या विकारावर एक उपचार दिलाय. शिश्नाच्या अग्रावरची कातडी आकसून लघवीची वाट बंद होते, त्याबद्दल तो आहे. दोन्ही बाजूंनी उघडी असलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तुपाने माखून आत घालावी, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरावी, असं तिथे सांगितलंय. दोन गोष्टी इथेच आल्या: वंगण, आणि घाई न करता वाट हळूहळू रुंद करणं. आजोबांच्या ट्रेमधल्या सळयांची ओळ हीच होती, फक्त तीन दिवसांचा धीर धरायला तिथे कुणाला वेळ नव्हता.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस कांस्याच्या नळ्यांची मापं देतो. पुरुषांसाठी पंधरा, बारा आणि नऊ अंगुळं, बायकांसाठी नऊ आणि सहा. नळ्या किंचित वाकड्या असाव्यात, पुरुषांच्या जरा जास्त, आणि अगदी गुळगुळीत. पाँपेईच्या राखेखाली अशा वाकवलेल्या कांस्यनळ्या सापडल्या आहेत. वळणावरचा हा उपाय सतराएकशे वर्षं टिकला: वाट वाकडी आहे ना, मग नळीही वाकडी करा. पण प्रत्येकाची वाट सारखी वाकडी नसते. कडक वाकडी नळी घालणाऱ्याचा हात चांगला असेल तर ठीक, नसेल तर ती भिंतीत घुसते आणि खोटी वाट तयार होते.

वळण नळीवर न लादता नळीलाच वळू द्यावं, हा विचार मला सगळ्यात स्वच्छ मांडलेला सापडला तो एका डॉक्टर नसलेल्या माणसाच्या पत्रात. बेंजामिन फ्रँकलिनचा थोरला भाऊ जॉन बोस्टनला राहायचा आणि मुतखड्याने हैराण होता. त्याला लवचीक कॅथेटर हवा होता आणि तो बाजारात मिळत नव्हता. डिसेंबर १७५२मध्ये फ्रँकलिन फिलाडेल्फियातल्या एका सोनाराकडे गेला, कसं करायचं ते सांगितलं आणि पुरं होईपर्यंत तिथेच बसून राहिला, कारण ते त्याच दिवशीच्या टपालाने पाठवायचं होतं. चांदीची पट्टी तारेभोवती पिळून केलेली ती नळी होती.

सोबतच्या पत्रात तो भावाला सांगतो: जाड वाटली तर तिथल्या सोनाराकडून बारीक तारेवर पिळून घे. वरून जनावराचं पातळ आतडं चढवता येईल, किंवा नुसती चरबी चोळ, म्हणजे सांधे भरतील आणि ती गुळगुळीत होईल. आत जाण्याइतका ताठपणा तिच्यात आहे; कमी पडला तर सोबत एक तार दिली आहे. ती आत घालून मागचा भाग ताठ ठेव आणि नळी पुढे सरकेल तशी तार मागे ओढत जा. शिवाय नळी स्क्रूसारखी असल्याने फिरवूनही आत-बाहेर करता येईल.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "क्लचची केबल." मला क्षणभर कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं की क्लचच्या केबलचं बाहेरचं आवरण असंच पिळलेल्या तारेचं असतं. वाकतं, पण दाबल्यावर चेपत नाही. "आत तार, बाहेर स्प्रिंग आणि मधे ग्रीस. दुसरं काय असणार?"

फ्रँकलिनच्या पत्रात लवचीकपणा, वंगण, आतून ताठ ठेवणारी तार आणि फिरवून सरकवणं हे सगळं आहे. पुढच्या अडीचशे वर्षांत यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी पुन्हा शोधली.

उजेड आला आणि जाडी वाढली

नळीतून लघवी बाहेर काढायची असेल तर नळी बारीक आणि मऊ असली तरी चालतं. आत बघायचं म्हटलं की अडचण उलटी होते. उजेड आत न्यायचा, प्रतिमा बाहेर आणायची आणि नळी तरीही बारीक ठेवायची.

फ्रँकफर्टचा डॉक्टर फिलिप बोझिनी याने १८०६मध्ये आपला 'लिख्टलायटर' म्हणजे प्रकाशवाहक मांडला. फुलदाणीसारख्या पेटीत एक मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि पुढे शरीराच्या वेगवेगळ्या छिद्रांसाठी वेगवेगळ्या नळ्या. व्हिएन्नात त्याच्या चाचण्या झाल्या, पण तिथल्या वैद्यकीय मंडळींनी त्याला खेळण्यात काढलं. १८०९मध्ये टायफसच्या साथीतल्या रुग्णांवर उपचार करताना बोझिनी वारला. तेव्हा तो पस्तिशीत होता.

१८५३मध्ये पॅरिसच्या देसोर्मोने मेणबत्तीच्या जागी मद्यार्क आणि टर्पेंटाइनवर चालणारा दिवा लावला. उजेड वाढला, चटके बसण्याची भीतीही वाढली. दिवा बाहेर आणि नळी सरळच. सरळ नळी आत जावी म्हणून रुग्णाचं शरीर नळीच्या सोयीने वाकवायचं.

मॅक्स नित्झेने हे उलटं केलं. खोलीत उजेड हवा तर दिवा खोलीत न्यायला हवा, असा त्याचा विचार होता. १८७९च्या मार्चमध्ये त्याने व्हिएन्नात योझेफ लायटर या यंत्रकाराच्या मदतीने तयार केलेली दुर्बीण दाखवली. टोकाशी विजेने तापून उजळणारी प्लॅटिनमची तार, ती थंड ठेवायला भोवती फिरणारं पाणी, आणि आतली प्रतिमा मोठी करून बाहेर आणणारी भिंगांची माळ. एडिसनच्या दिव्याचं छोटं रूप हाती आल्यावर १८८०च्या दशकातच पाण्याची भानगड गेली.

नित्झेच्या दुर्बिणीचं टोक चोचीसारखं वर वळलेलं होतं. फुगलेल्या प्रोस्टेटवरून नळी न अडकता जावी म्हणून असं वर वळलेलं टोक पॅरिसच्या मर्सिएने १८३०च्या दशकातच कॅथेटरला दिलं होतं. फ्रेंचमध्ये त्याला 'कुदे', म्हणजे कोपरासारखं वाकलेलं, म्हणतात. ते नाव आजही वॉर्डात चालतं. सगळी नळी वाकवायची गरज नाही, नुसतं टोक वळलेलं असलं तरी ते वाटेच्या वरच्या भिंतीला चिकटून जातं आणि खालच्या खड्ड्यात रुतत नाही.

जाडीबद्दल बोलायचं तर त्यासाठी आधी मोजपट्टी लागते. तीही पॅरिसचीच. शारिएर नावाच्या शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात नळ्यांची मापं ठरवून दिली. एक 'फ्रेंच' म्हणजे व्यासात एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे अठरा नंबरची नळी सहा मिलिमीटर जाड. आज मिरजेत किंवा पुण्यात नर्सने "सोळा नंबर द्या" म्हटलं तर ती याच माणसाचं माप मागत असते. वर्कशॉपमध्ये पान्यांना नंबर असतात तसंच हे. माप ठरलं की "जरा बारीक घाला" या विनवणीला काहीतरी अर्थ येतो.

वंगण आणि बधिरपणा

तूप, चरबी, तेल. हजारो वर्षं वंगण म्हणजे स्निग्ध पदार्थच. पण १८३९मध्ये गुडइयरने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली, नेलाटोंने तांबड्या रबराचे मऊ कॅथेटर वापरात आणले (त्याचं नावही आपल्याकडच्या दुकानांत अजून 'नेलॅटन' म्हणून जिवंत आहे) आणि तेलाची अडचण झाली, कारण तेल रबर खातं. शिवाय भिंगावर तेल बसलं की दिसायचं बंद. शरीरात राहिलेलं तेल धुऊनही जात नाही. पाण्यात विरघळणारं, निर्जंतुक करता येणारं वंगण हवं होतं. अमेरिकेत १९०४मध्ये 'के-वाय जेली' आली ती डॉक्टरांसाठी, या कामाला. तिची दुसरी ख्याती पुष्कळ नंतरची.

घसरणं सोपं झालं, तरी दुखणं होतंच. व्हिएन्नात १८८४मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवलं आणि त्याच वर्षी लोकांनी ते मूत्रमार्गातही वापरून पाहिलं. गुण आला. पण मूत्रमार्गाचं अस्तर औषध झपाट्याने रक्तात ओढून घेतं आणि ते खरचटलेलं असेल तर आणखीच. काही रुग्ण त्यात दगावले. तपासणी सुखाची करण्याच्या नादात माणूस जाणं हे या इतिहासातलं सगळ्यात कडू पान आहे.

सुरक्षित उत्तर स्वीडनमधून आलं. निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३मध्ये लिडोकेन तयार केलं, आणि तरुण लुंडक्विस्टने त्याचे प्रयोग स्वतःवर केले. १९४८पासून ते 'झायलोकेन' नावाने विकायला लागलं. आपल्याकडच्या कुठल्याही मेडिकलमध्ये 'झायलोकेन जेली' मागितली की ट्यूब मिळते. त्यात वंगण आणि बधिरपणा दोन्ही एकत्र आहेत.

इथे मला एक प्रश्न पडला, तो बाबांना नंतर उपयोगी पडला. आजोबांच्या वेळी, म्हणजे १९७०च्या दशकात, ही जेली होती. मग आजोबा का ओरडत? बाबांना तिची आठवण नाही. कदाचित वापरली नसेल, कदाचित लावली आणि लगेच सळई घातली असेल. औषध लागू व्हायला काही मिनिटं लागतात, आणि रांगेत चाळीस माणसं असली की ती मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात. मी रोज ज्या कोडमध्ये काम करतो त्यातही हेच बघतो. उपाय लिहिलेला असतो, फक्त गर्दीच्या वेळी तो चालत नाही. नवा शोध आणि रुग्णाचं सुख यांच्यामध्ये थांबायला तयार असलेला एक माणूस लागतो.

काच वाकली

कडक दुर्बीण बारीक आणि उजळ करण्याचं मोठं काम हॅरोल्ड हॉपकिन्स या इंग्लंडमधल्या भौतिकशास्त्रज्ञाने केलं. जुन्या दुर्बिणीत हवेने भरलेल्या नळीत पातळ भिंगं बसवलेली असत. लिव्हरपूलच्या जेम्स गाउ या मूत्रविकारतज्ज्ञाने मूत्राशयाची चांगली छायाचित्रं घेता यावीत म्हणून त्याची मदत मागितली. हॉपकिन्सने मांडणी उलटवली: नळी काचेच्या कांड्यांनी भरायची आणि मधली हवेची पातळ फट हेच भिंग. प्रकाश कितीतरी पट जास्त बाहेर यायला लागला. १९५९मध्ये त्याने पेटंट घेतलं, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या कंपन्यांनी रस दाखवला नाही. शेवटी जर्मनीतल्या कार्ल स्टोर्झने ते बनवलं आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणलं. दिवाही टोकावरून निघून बाहेर गेला आणि उजेड तंतूंमधून आत यायला लागला. टोकावरची जागा मोकळी झाली.

त्याआधीच हॉपकिन्सने दुसरी गोष्ट सुरू केली होती. जठराच्या एका डॉक्टरने जेवणाच्या टेबलावर त्याच्याकडे तक्रार केली की कडक दुर्बीण रुग्णाला फार छळते. हॉपकिन्सने काचेच्या केसासारख्या हजारो तंतूंची जुडी करून तिच्यातून प्रतिमा नेण्याचा विचार केला. हे काम त्याच्यासोबत केलं ते पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी या विद्यार्थ्याने. जानेवारी १९५४मध्ये दोघांचा लेख 'नेचर'मध्ये आला. आज फायबर ऑप्टिक म्हटलं की आपल्याला इंटरनेट आठवतं. मलाही तेच आठवायचं. पण त्याची सुरुवात, रुग्णाला कमी त्रास व्हावा या तक्रारीत आहे.

१९५७मध्ये बेसिल हर्शोविट्झने अशी लवचीक दुर्बीण आधी स्वतः गिळली. मूत्राशयासाठी लवचीक दुर्बिणीचं काम १९७३मध्ये जपानमधून प्रसिद्ध झालं आणि पुढच्या दशकात ती दवाखान्यांत रुळली. साधारण पाच मिलिमीटर जाड, टोक अंगठ्याने वर-खाली वळवता येणारी. रुग्णाला पाय वर टांगून झोपवायची गरज उरली नाही, नुसतं उताणं झोपलं तरी चालतं. सेल्ससने नळीला वाकवलं, देसोर्मोने रुग्णाला वाकवलं. आता नळी वाट बघून वळायला लागली.

आणखी वर

मूत्राशयाच्या वर मूत्रपिंडाकडे जाणारी मूत्रवाहिनी तर तीन-चार मिलिमीटरची. तिच्यात दुर्बीण पहिल्यांदा गेली ती १९१२मध्ये, ह्यू हॅम्प्टन यंगच्या हातून. एका बाळाला जन्मतःच मूत्रमार्गात पडदे होते, तुंबलेल्या लघवीने मूत्रवाहिनी फुगली होती. लहान मुलांची दुर्बीण थेट मूत्रपिंडापर्यंत पोचली. आजारानेच वाट रुंद करून ठेवली होती.

निरोगी जाडीच्या वाटेने जायला आधी दोरी लागते. स्वीडनच्या सेल्डिंगरने १९५३मध्ये रक्तवाहिन्यांसाठी साधी युक्ती छापली: आधी बारीक तार आत न्या, मग तारेवरून नळी सरकवा. मूत्रविकारतज्ज्ञांनीही ती घेतली. आता तारेवर पाण्याने ओली झाली की बुळबुळीत होणारा थर असतो, शेवाळलेल्या दगडासारखा. जपानच्या ताकायासु आणि आसो यांनी १९७४मध्ये पुढची पायरी मांडली: आधी एक पोकळ नळी बसवायची आणि लवचीक दुर्बीण तिच्यातून न्यायची. दुर्बीण कितीदाही आत-बाहेर करा, वाहिनीच्या भिंतीला पुन्हा घासायला नको. आज खड्ड्याच्या ऑपरेशनमध्ये जिला 'ॲक्सेस शीथ' म्हणतात तिची सुरुवात ही.

पण सोपं करणं फुकट नसतं. पॅरिसच्या ऑलिव्हिए ट्रॅक्सेरने २०१३मध्ये शीथ वापरलेल्या ३५९ रुग्णांच्या मूत्रवाहिन्या शेवटी दुर्बिणीतून तपासल्या. जवळपास निम्म्यांच्या भिंतीला काही ना काही इजा दिसली, आणि १३ टक्क्यांच्या आसपास ती स्नायूपर्यंत गेलेली होती. ज्यांच्या वाहिनीत आधीपासून स्टेंट होता त्यांना गंभीर इजेचा धोका बराच कमी. स्टेंट काही दिवस आत राहिला की वाहिनी आपोआप सैल होते. म्हणून वाट फारच अरुंद असेल तर शहाणा सर्जन जोर लावत नाही. स्टेंट ठेवतो, एक-दोन आठवडे थांबतो आणि परत येतो. दर तीन दिवसांनी जाड नळी सांगणाऱ्या सुश्रुताला हे ओळखीचं वाटलं असतं.

बाटली दाबणारी सिस्टर

उरली भीती. तिच्यावरचे उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उशिरा आलेले. दुर्बीण त्या स्नायूच्या दरवाजापाशी आली की रुग्णाला "लघवी करतोय असं समजा" म्हणायचं, म्हणजे तो दरवाजा स्वतःच उघडतो. पडदा त्याच्याकडे वळवून आतलं दाखवायचं. पुरुषांमध्ये याने दुखणं कमी जाणवतं, असं २००७च्या सुमाराच्या एका अभ्यासात दिसलं. आणि २००८मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक अगदी साधी गोष्ट तपासली. दुर्बीण दरवाजातून जात असताना सहायकाने सलाईनची पिशवी हाताने दाबायची. पाण्याचा दाब वाढून वाट पुढून उघडते. ज्यांची पिशवी दाबली त्यांना कमी दुखलं. जेलीबद्दल मात्र अभ्यासांचं एकमत नाही. काहींना औषधाची जेली आणि साधी जेली यांत फरक दिसला नाही, काहींना थांबण्याच्या मिनिटांनी फरक पडला. पिशवी दाबायला पैसे लागत नाहीत, म्हणून कदाचित ती कुणी शोधली नव्हती.

हे सगळं मी बाबांना एका बैठकीत नाही, आठवडाभर रोज रात्री फोनवर सांगितलं. फ्रँकलिन त्यांना आवडला. कोकेनचा भाग मी गाळणार होतो, पण सांगितला. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. नाहीतर म्हटलं असतं, नुसतं चांगलंच सांगतोय." आठव्या दिवशी ते पुण्याला आले.

मी बाहेर बसलो होतो. दहा-बारा मिनिटांत ते स्वतःच्या पायांनी बाहेर आले. जेली घालून डॉक्टर खरंच थांबले होते का, हे मी आधी विचारलं. थांबले होते, दुसऱ्या रुग्णाचे कागद बघत. "जळजळ झाली," बाबा म्हणाले. "मधे एका जागी जास्त. पण तिथं सिस्टरने बाटली दाबली. केबल अडकली की आपण पुढं तेल सोडतो, तसं." मग थोडं थांबून म्हणाले, "टीव्हीवर दाखवलं मला. आत एक कोंबासारखं आहे."

ती गाठ होती. नशिबाने लहान आणि वरवरची. दुर्बिणीतूनच काढली. पण मूत्राशयाच्या अशा गाठी परत येऊ शकतात, म्हणून पहिली तपासणी तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षानुवर्षं ठरावीक काळाने दुर्बीण घालून बघावं लागतं. तेव्हा मला कळलं की आत जाणं सोपं असण्याला इतकं महत्त्व का आहे. एकदा दात-ओठ खाऊन सहन करण्याची ही गोष्ट नाही. जो माणूस पहिल्या वेळी घाबरला तो तिसऱ्या वेळी येत नाही, आणि गाठ तेवढ्यात परत आलेली असते. बाबांचे पाच-सहा महिने आजोबांच्या आवाजात गेले. आणखी सहा गेले असते तर हा लेख मी लिहिला नसता.

तीन महिन्यांनी मी रजा टाकणार होतो. बाबा नको म्हणाले, पास आहे, एसटीने येतो. आले, तपासणी करून घेतली, माझ्याकडे जेवले आणि रात्रीच्या गाडीने परत गेले. आत काही नव्हतं.

परवा आई सांगत होती, शेजारचे पाटीलकाका बरेच दिवस लघवीसाठी कुथतायत आणि डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. बाबा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले होते. आईला आतून ऐकू येत होतं: "सळई नाही ओ, केबल असते. आणि त्यांना सांगायचं, जेली घालून थांबा जरा. लाजायचं नाही. थांबा म्हणून सांगायचं."